तांदळातली बाटली

बाबांसमोर बाटली ठेवायची, हे सिद्धेशनं वर्षभर मनात घोळवलं होतं. पण बाबा भारतातून अमेरिकेत, कॅरीला त्याच्या घरी येऊन दाखल झाले आणि त्याचं अवसानच गळालं. चाळिशी ओलांडलेला घोडा, ऑफिसात अख्खी टीम सांभाळतो. पण बापासमोर प्यायचं म्हटलं की हातपाय गार. त्यानं बाटली तांदळाच्या पिंपात, डोकं खाली करून, खोल खुपसली.

बाटली साधीसुधी नव्हती. बाबा, म्हणजे श्रीरंगराव, बोटीवर इंजिनियर असताना स्कॉटलंडच्या एका बेटावर त्यांनी ही व्हिस्की चाखली होती. शेतकऱ्यांनी चोरून लावलेली भट्टी, पुढे रीतसर झालेली. गोदामाच्या भिंतीवर थेट समुद्राच्या लाटा. दारूला धुराचा, खारट, टिंक्चर आयोडिनसारखा वास. आवडला तर जन्माचा, नाहीतर माणूस पुन्हा वळून बघत नाही. पुढे गिऱ्हाईक आटलं आणि भट्टी बंद पडली. "तो वास गेला तो गेलाच," असं बाबा मित्रांना सांगत होते, ते लहानग्या सिद्धेशनं दाराआडून ऐकलं होतं. कित्येक वर्षांनी भट्टी पुन्हा पेटल्याचं कळलं, तेव्हा त्यानं मुद्दाम तिथली ही बाटली मिळवली.

आज-उद्या करता करता बाबांचा मुक्काम संपत आला. उद्या विमान. यापुढे एवढा प्रवास नाही, असं हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलेलं. शेवटी त्याची बायको रेणू चिडली.

"इनफ यार, सिद्धेश. आज तू विचार, नाहीतर मी विचारते."

त्यानं पिंपात हात घातला. बाटली हलकी लागली. उलट्या बाटलीतल्या दारूनं खाऊन बुचाचा भुगा झाला होता आणि तळाच्या तांदळाचा पिवळट गोळा. बाटलीत थेंब नव्हता.

"म्हणजे भाताला रोज येणारा तो जळका वास…" रेणू म्हणाली. "मी कुकरला दोष देत होते."

सिद्धेशला काय कळणार? पाइनच्या परागांनी त्याचं नाक महिनाभर चोंदलेलं. त्याला रडूच कोसळायचं बाकी होतं.

बाबा दारात उभे होते. त्यांनी पिंपातले मूठभर तांदूळ नाकाशी नेले, डोळे मिटले.

"वास आला त्या पहिल्याच घासाला ओळखला मी," ते म्हणाले. "रोज जेवताना वाटायचं, आज हा म्हणेल, बाबा, बसा."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"बापानं कसं विचारायचं रे?"

त्यांनी मूठ उघडली नाही. तशीच घेऊन ते बॅग भरायला आत गेले.