काचेला चिकटलेली आई

ही गोष्ट २००८ सालची. धाकटी तेव्हा सत्तरीला टेकली होती, पण घरात तिला अजून सगळे धाकटीच म्हणत. तिच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, भिंतीवर त्यांच्या आईचा एकुलता एक फोटो होता. आई गेली तेव्हा धाकटी रांगतही नव्हती. ताईला थोडीफार आई आठवायची. धाकटीला आठवायचा तो हा फोटोच.

मधे एकदा ताईचं छत गळलं, फ्रेमच्या आत ओल शिरली आणि फोटो काचेला चिकटून बसला. सोडवायला जावं तर चेहरा काचेवरच राहायचा. त्यात कोपऱ्यातून एक पांढरा डाग सरकत होता. मागच्या वर्षी तो आईच्या खांद्यावर होता, आता कानाशी पोचला होता. धाकटी ताईकडे गेली की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी त्या डागाकडे बघायची.

ताईचा मुलगा हिशेबनीस. त्याला सगळं झटपट लागायचं.

"मावशी, काळजी सोड. स्कॅनर आणलाय. वरून कागद घाला, खालून बाहेर. सगळं घराणं एका दुपारी कॉम्प्युटरमध्ये!"

"आधी दुसरा एखादा फोटो घालून बघ," धाकटी म्हणाली.

"कुठला?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. ताईच्या दिराला सगळे भोंगा म्हणत. तो बोलायला लागला की शेजाऱ्यांची दारं लागायची. कुणाचाही फोटो काढायचा असो, हा पुढे. त्यामुळे त्याच्या फोटोंना तोटा नव्हता.

"भोंगा घाल," ताई म्हणाली.

यंत्राने भोंग्याला डोक्याकडून आत ओढलं, छातीशी आल्यावर ते घरघरलं, अडलं आणि मग त्याचा पार चोळामोळा करून बाहेर टाकलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरही तो तसाच चुरगळलेला उमटला.

"चला, एकदाचा त्याचा आवाज बसला," ताई म्हणाली. भाचा खो खो हसला. धाकटी मात्र तो चोळामोळा सरळ करत बसली.

"आणि आईला तर काच आहे," ती म्हणाली. "काच कशी जाणार यातून?"

"काच काढू की. कडेने पातळ पातं घालायचं, हळूच. रविवारी येतो मी."

"ताई, तू तरी सांग ना याला!"

"काय सांगू?" ताईने फोटोकडे पाहिलं. "नाहीतरी तो डाग तिला खातोच आहे. करू दे त्याला."

त्या आठवड्यात धाकटीला घास गोड लागला नाही. भाजी चिरताना हातातल्या सुरीकडे लक्ष गेलं तरी तिला धस्स व्हायचं. शेवटी तिने भोंग्याचा आणखी एक जुना फोटो शोधला, ओला केला, एका जुन्या काचेवर दाबला आणि वर जाडजूड शब्दकोश ठेवला. सकाळपर्यंत भोंगा काचेला असा चिकटला की नखाने निघेना. ती काच टॉवेलात गुंडाळून ती दुकानात गेली.

"आजी, काच काढून द्या ना," दुकानदार म्हणाला.

"निघत नाही. माणूसच चिकट आहे."

त्याने वहीएवढा पातळ, देखणा स्कॅनर पुढे केला. पडद्यावर भोंगा उमटला तो दाट धुक्यात उभा असल्यासारखा. दुसरा स्कॅनर लावला. पुन्हा धुकंच.

"फोटो थेट यंत्राच्या काचेला टेकायला हवा, आजी. मधे दुसरी काच आली की हे असंच होणार."

"सगळ्यांत?"

"आता सगळे असेच पातळ येतात."

धाकटी स्टुलावर बसली. तिला रविवार दिसायला लागला. बसल्यामुळेच तिची नजर खालच्या फळीवर गेली. तिथे एक बोजड यंत्र होतं आणि त्यावर टेबलफॅन ठेवलेला होता.

"ते काय आहे?"

"ते होय? जुनं मॉडेल. ढोलं आहे नुसतं, कुणी विचारत नाही."

"मी विचारतेय ना. लावा."

"उगाच कशाला आजी—"

"लावा हो!"

तो पुटपुटत खाली वाकला. पडद्यावर भोंगा आला तो मिशीच्या एकेका केसासकट. शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं, तेसुद्धा दिसत होतं.

"अरेच्चा!" दुकानदाराने डोकं खाजवलं. "बरोबर आहे, यात आरसे आणि भिंग असतं, कॅमेऱ्यासारखं. काचेच्या थोडं पलीकडचंही दिसतं याला. म्हणूनच तर एवढं जाड."

भोंग्याची तिन्ही चित्रं दुकानदाराने सीडीवर भरून दिली. टॅक्सीत ते धूड मांडीवर घेऊन धाकटी थेट ताईकडे आली. डिकीत ठेवायला तिने साफ नकार दिला.

रविवारी भाचा आला. त्याने पातं टेबलावर ठेवलं आणि यंत्र पाहून म्हणाला, "मावशी, हा रणगाडा कुठून आणलास?"

धाकटीने फ्रेमच्या मागचे खिळे एकेक करून काढले, फोटोसकट काच यंत्रावर पालथी ठेवली आणि वर काळी शाल पांघरली. भाच्याने सवयीने झाकण दाबायला हात नेला.

"दाबू नकोस!" दोघी बहिणी एकदमच ओरडल्या.

"बाप रे! भोंगाकाका परवडले," तो हात मागे घेत म्हणाला.

आत उजेड सरकायला लागला. ताईने धाकटीचं मनगट घट्ट धरलं. उजेड थांबला आणि चित्र पडद्यावर आलं: पांढरा डाग, कान, गाल, कपाळ.

"मोठं कर," ताई म्हणाली. "अजून. थांब!"

आईच्या डाव्या भुवईत केस नसलेली एक बारीक रेघ होती. भिंतीवरच्या फोटोत ती कधी कुणाला दिसली नव्हती.

"खोक," ताई म्हणाली. "अगं, कपाटाचं दार लागलं होतं तिला. मी रडायला लागले, तर रक्त पुसत मला म्हणते कशी, 'आधी त्या कपाटाला विचार, त्याला कुठे लागलंय का.' विसरलेच होते गं मी!"

"आई चेष्टा करायची?" धाकटीने विचारलं.

"तर! वडलांनासुद्धा सोडायची नाही."

धाकटीने खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि म्हणाली, "अजून सांग."

ताई पुढे चार वर्षं होती. नजर अधू झाल्यावर ती पडद्यावर आईचा चेहरा पाटीएवढा करून बघायची आणि काहीबाही नवीन सांगायची. भाच्याचं झटपट यंत्र त्याच्या कचेरीतली बिलं ओढत राहिलं, आणि पात्याने तो पाकिटं फोडायला लागला. दुकानदार आता मोबाइल दुरुस्त करतो. मूळ फोटो धाकटीच्या घरी आहे. डाग भुवई ओलांडून गेला आहे, पण ती आता घरात शिरल्यावर आधी पिशवी खाली ठेवते.

भोंगा नव्वदी गाठून गेला. घराण्याचे फोटो बघायला कॉम्प्युटर उघडला की अजूनही सगळ्यांच्या आधी तोच पुढे येतो: एकदा चोळामोळा झालेला, दोनदा धुक्यात आणि एकदा मिशीच्या एकेका केसासकट.