चौकड्याची बाही

भिंगरीने नव्या अकाउंटंटचा एक कान कापला, मग वाईट वाटून परत जोडला. चौकोनात चेहरा बसवायचा तर काहीतरी छाटावं लागतंच, पण माणूस आजच कामावर आलेला, पहिल्याच दिवशी त्याचा कान उडवणं बरं नव्हे. मग तिने तो फोटो अंगठ्याच्या नखाएवढा केला, वजनाने हलका केला, नेहमीच्या जागी ठेवून दिला आणि खुर्चीवरून उठली. ती सारखी उठायचीच. एका जागी बसवत नाही म्हणून ऑफिसात सगळे तिला भिंगरी म्हणायचे आणि नाव ठेवणाऱ्यांनी काही चूक केली नव्हती.

काम तसं बारीक. ऑफिसातून जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली सही म्हणून पाठवणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन आणि छोटासा फोटो जायचा. लोक तिच्याकडे ट्रंकेएवढे फोटो पाठवायचे, कुणी गॉगल लावलेला, कुणी मागे अर्धं खानदान घेऊन. ती ते छाटून, उजळून, हलके करून सर्व्हरवर ठेवायची. मेल कुणीही, कुठेही उघडला की फोटो तिथून येऊन त्यात बसायचा. तिची एक युक्ती सगळ्यांनी वाखाणली होती. फोटोला ती माणसाचं नाव द्यायची नाही, टेबलाचं द्यायची. माणसं येतात-जातात, टेबल कुठे जातंय? नवा माणूस आला की त्याचा फोटो त्याच नावाने ठेवायचा, काम फत्ते. आज सकाळी नवा अकाउंटंट असाच ‘अकाउंट्स दोन’ झाला होता. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या सह्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत, असं साहेबांनी बजावलं होतं. ते सारखे दारातून डोकावत होते आणि त्यामुळे भिंगरी आणखीच गरगरत होती.

दुपारी एक गृहस्थ आत आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा. भिंगरीने त्यांना ओळखलं. ‘अकाउंट्स दोन’ला आधी ज्या बाई बसायच्या, त्यांचे हे मिस्टर. बाई मागच्या वर्षी आजारपणात गेल्या. तेव्हा अख्खं ऑफिस यांच्या घरी जाऊन आलं होतं. टेबल तेव्हापासून रिकामंच होतं.

“ताई, माझ्या हातून काहीतरी भलतंच दाबलं गेलंय,” ते म्हणाले. “जरा बघता का?”

फोनवर बाईंचा जुना मेल होता. कामाच्या वेळी घरी फोन केलेला चालायचा नाही, म्हणून त्या दुपारी नवऱ्याला मेल करायच्या. ‘जेवलात का? गॅस बंद केलात का? वर्तमानपत्र घेऊन झोपू नका.’ खाली बाईंचं नाव आणि नावाशेजारी मिशा पिळलेला नवा अकाउंटंट. दोन्ही कानांसकट.

जुन्या मेलातही फोटो सर्व्हरवरूनच येतो, हे भिंगरीइतकं कुणाला ठाऊक होतं? युक्ती अंगाशी आली होती. ती उठली, पाणी प्यायली, बसली, परत उठली. ते बिचारे सांगत होते की जेवण झालं की रोज एक मेल उघडतात, पूर्वी त्याच वेळी यायचा म्हणून. आज उघडला तर हा बाबा. दुसरा उघडला, तिसरा उघडला, जिथे तिथे हाच. आपलं बोट जड आहे, नको तिथे पडतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

फोन बिघडलाय म्हटलं असतं तर ते आभार मानून निघून गेले असते. खरं सांगायचं तर भिंगरीला तो मोह झालाही.

“तुमचं काही चुकलं नाही,” ती शेवटी म्हणाली. “मी केलंय हे. त्यांच्या जागी दुसऱ्याचा फोटो ठेवला.”

ते रागावले नाहीत आणि तेच तिला जास्त लागलं. परत ठेवता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं.

छोटा फोटो तर पुसला गेला होता. भिंगरीने सगळे फोल्डर उपसले, टाकलेलं सगळं उलटंपालटं केलं. मधेच साहेब किती राहिलंय म्हणून विचारून गेले. शेवटी बाईंनी तिला अगदी सुरुवातीला धाडलेला मूळ फोटो एका मेलमध्ये सापडला. सोबत लिहिलं होतं, ‘आमच्या ह्यांना बिनधास्त काप, काही म्हणायचे नाहीत.’ फोटोत दोघं बाकावर बसली होती आणि ह्यांचा हात बाईंच्या खांद्यामागे होता.

भिंगरीने विचारलं, हाच मोठा करून देऊ का?

“हा घरी भिंतीवर आहे,” ते म्हणाले. “भिंतीवरची नुसती बघते हो. मेलमधली बोलते.”

मग तिला पुढचं काही विचारावं लागलं नाही. नव्या अकाउंटंटच्या फोटोला वेगळं नाव द्यावं लागणार होतं. त्याने सकाळपासून पाठवलेल्या मेलांखाली आता बाई दिसणार होत्या आणि त्यावरून साहेबांची बोलणी खावी लागणार होती. खाऊ, ती मनात म्हणाली. तिने ह्यांना पुन्हा एकदा बिनधास्त कापलं आणि बाईंचा चेहरा चौकोनात नीट बसवला. खांद्याशी चौकड्याच्या कापडाचा एक तुकडा राहिला. मागच्या वेळीही तो राहिला होता आणि बाईंचा मेल आला की दर वेळी तिला सलायचा. आता पुसून टाकू म्हणून तिने माऊस तिथे नेला.

“ते राहू द्या.”

“डाग दिसतो हो तो. कसलंसं कापड आलंय मधे.”

“बाही आहे,” ते म्हणाले. “माझी.”

भिंगरीने हात मागे घेतला. बाहीसकट फोटो छोटा केला, हलका केला, ‘अकाउंट्स दोन’ म्हणून ठेवून दिला. साहेब पुन्हा दारात आले होते. झाल्या का सगळ्या एकसारख्या, असं त्यांनी विचारलं. एक वेगळी राहील, भिंगरी म्हणाली. ते सांगायला ती उठली नाही.

बाईंच्या मिस्टरांनी मेल बंद करून परत उघडला. आधी अक्षरं आली, मग नाव आलं आणि जरा वेळाने बाई आल्या, नखाएवढ्या, खांद्यावर चौकड्यांचा तुकडा घेऊन. ते वाचत राहिले.

“केलाय गॅस बंद,” ते फोनला हळूच म्हणाले, आणि फोन खिशात ठेवून जायला निघाले.