दीड सेंटिमीटर

"मॅडम, सही." सुदेशने स्क्रीनवरची नजर न हलवता रंगूबाईंचं पत्रक सोनलकडे सरकवलं. "लवकर. बाहेर अजून अकरा जण आहेत."

सोनलने पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. जाड दार नुकतंच बंद झालं होतं. पलीकडच्या खोलीत रंगूबाई, कोपरीची साठीची कोळीण, डाव्या स्तनाच्या कॅन्सरची पेशंट, डावा हात डोक्यावर घेऊन टेबलावर एकटीच पडली होती.

ठाण्यातल्या या रुग्णालयात रेडिएशनआधी दोन टेक्निशियनच्या सह्या लागत. एकाने पेशंटला जागेवर लावायचं, दुसऱ्याने आत जाऊन तपासायचं. गर्दीत दुसरी सही बाहेर बसूनच व्हायची. एकवीस वर्षांत अशा किती सह्या केल्या, हे सोनलला आठवत नव्हतं. रंगूबाईंच्या तीन आठवत होत्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार. आज, शुक्रवारी, रंगूबाईंच्या हाताला आधार द्यायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून ती आत गेली, आणि तिला तो ठिपका दिसला.

उपचाराआधी छातीच्या मधोमध सुईने एक बारीक निळा ठिपका टोचतात. रोज लेझरची रेघ त्यावर आणायची. सोमवारी त्याभोवती पेनाने गोल काढला होता, तो आंघोळीत धुऊन गेला. रंगूबाईंच्या गळ्याखाली लहानपणीचं गोंदणही होतं, छातीवर उतरलेली ठिपक्यांची वेल. आज रेघ ज्या ठिपक्यावर होती तो हिरवट होता आणि कडांना पसरलेला.

"सुदेश, ठिपका नीट बघितलास?"

"बघितला ना. तीन दिवस तोच तर घेतोय."

"मला गोंदणातला वाटला."

"काय मॅडम तुम्ही पण! टेबलाचा आकडा सोमवारपेक्षा दीड सेंटिमीटर सरकलाय, पण तो मुकुल सरांनी बघितलाय."

शेजारच्या टेबलावर बसलेला मुकुल, किरणांचा हिशेब करणारा फिजिसिस्ट, मागे वळला. "बघितला मी. मला वाटलं, तुम्ही लोकांनी आत खात्री केली असेल."

"आणि डॉक्टर?"

"त्यांची कालची सही आहे की."

गेल्याच शनिवारी मुकुलने विभागात सगळ्यांना समजावलं होतं: किरण एका पेशीला लागतो, पण शेजारची, जिला काहीच लागलेलं नाही, तीही बिघडते किंवा सावरायला लागते. जखमी पेशीचा निरोप तिच्यापर्यंत पोचतो. सोनलला ते फार आवडलं होतं. आत्ता तिघं हाताच्या अंतरावर बसले होते.

थांबवलं तर तिच्या तीन सह्या उघड्या पडणार. नवरा गेल्यापासून टिटवाळ्याचं घर याच नोकरीवर होतं. सुदेशचं बोट बटणावर होतं.

"दार उघड."

"अहो, येत्या सोमवारी तिची जागा तपासायची फिल्म आहेच की! तेव्हा कळेलच."

"मी सही करत नाही. दार उघड, सुदेश."

फिल्म काढली. मुकुलने सोमवारचं चित्र आणि आजचं एकावर एक ठेवलं. बरगड्या जुळेनात. तो बराच वेळ माउस फिरवत राहिला.

"किरण न लागता राहिलेल्या भागाचा डोस मी सावरून घेईन," तो म्हणाला. "हृदयाच्या कडेला गेला तो मात्र गेला."

डॉक्टर फोनवर म्हणाले, सोमवारी बोलू पेशंटशी. सुदेश बुटांकडे बघत होता. सोनल एकटी आत गेली.

"मावशी, तीन दिवस आमचं चुकलं. किरण भलत्या जागी दिले. मी न बघता सही केली."

रंगूबाईंनी आखडलेला हात हळूहळू खाली आणला. "मना म्हायती व्हता."

"काय?"

"सुई टोचली ती जागा ही नव्हं. ही माजे आयेनं गोंदवलेली."

"मग बोलला का नाहीत, मावशी?"

"तुमी एवरी शिकलेली मानसा. येक सांगतो, दुसरा हां म्हनतो. मना वाटला, माजाच चुकला आसंल."

 सोनलने त्यांना उठून बसायला हात दिला. मग बाहेर येऊन चूक नोंदवायचा फॉर्म काढला आणि जबाबदार व्यक्तींच्या रकान्यात पहिलं नाव स्वतःचं लिहिलं.

रंगूबाई सोमवारी येईल असं कोणालाच वाटत नव्हतं. ती आली, टेबलावर चढली. सोनलने रेघ लावली, सुदेशने आत येऊन वाकून तपासली. दोघांनी सह्या केल्या. दार बंद झालं.

बीम सुरू झाला तसा सुदेश पुढचं पत्रक शोधू लागला. सोनल आतल्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत होती. हलू नका असं सांगितलेलं, म्हणून रंगूबाई जराही हलत नव्हती. तिचे डोळे मात्र उघडे होते आणि थेट कॅमेऱ्यावर रोखलेले होते. यंत्र थांबेपर्यंत तिने ते मिटले नाहीत. सोनलनेही नजर हटवली नाही.