आहेराचं शूटिंग

हितेशने टेप उलटी पळवली, तशा बादलीत पडलेल्या नोटा एकेक करून वर उडाल्या आणि ज्याच्या त्याच्या मुठीत परत गेल्या. सुचित्राला हसू आलं. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसत होती.

प्रार्थनेने आजार पळवणाऱ्या सभांवर ती माहितीपट करत होती. सहा महिने या उपदेशकांच्या मागे फिरून तिच्या चपला झिजल्या होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळालं होतं: दानाच्या बादल्या फिरताना कॅमेरा बंद. कामोठ्याच्या मैदानावरच्या सभेचं शूटिंग मात्र सानपाडा गावातल्या हितेशकडे होतं, आणि हळदी-लग्नांत मुरलेल्या माणसाला आहेर सोडवत नाही. पाकीट, हात आणि चेहरा एका चौकटीत यायलाच हवा; एखादा मामा राहिला तर घरचे जन्मभर ऐकवतात. म्हणून त्याने सवयीने पनवेलच्या भगवानला दुसरा कॅमेरा देऊन बादलीवर उभं केलं होतं. आयोजकांनी ते कळल्यावर कपाळाला हात लावला आणि ती टेप वापरायची नाही म्हणून सांगितलं. मग ती टेप कुणी न पाहता कपाटात पडून राहिली होती.

"आणि या चाकांच्या खुर्च्या?" सुचित्राने विचारलं.

"भाड्याच्या. टेम्पोतनं उतरवताना पण घेतल्यात, मॅडम. आमचं मांडव घालण्यापासून चालू असतं ना. चालत आलेल्या म्हाताऱ्यांना गेटवरच खुर्चीत बसवायचे. मग स्टेजवरनं 'ऊठ' म्हटलं की उठणारच ना माणूस."

"तुम्हाला तेव्हा काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. पण माझे बाबा खरंच खुर्चीतले, त्यांनाही आईने त्या सभेला आणलं होतं. म्हटलं, चाळीस खोट्यांत एक खरा उठला तर आपलं काय जातं?"

टेप पुढे सरकली. हात, चेहरा, बादली. हात, चेहरा, बादली. मग एक हात थांबला. मनगटात रुतलेली पाटली निघेना, तेव्हा त्या बाईने ती थुंकी लावून ओढून काढली आणि बादलीत टाकली. कॅमेरा ठरल्याप्रमाणे वर गेला.

गोजरा. त्याची आई.

हितेशचं बोट बटणावरच राहिलं. ती पाटली घरातून गेली म्हणून फेब्रुवारीत, त्या सभेनंतर, केवढं रामायण झालं होतं. 'कुठं तरी पडली' एवढंच आई म्हणाली होती. उरलेलं सगळं हितेशने जोडलं. मागच्या खोलीत साताऱ्याकडची विजयमाला भाड्याने राहायची, नवरा वाशीच्या मार्केटात गोणी उचलायचा. ती रोज दुपारी येऊन बाबांच्या लुळ्या पायांना तेल चोळायची, आणि घरात वावरणारी परकी अशी तेवढीच होती. तिची पत्र्याची पेटी हितेशने ओटीवर, चार लोकांसमोर उपसली. काही निघालं नाही. ती खाली बसून एकेक लुगडं घडी करून परत आत ठेवत राहिली. चार दिवसांत ते खोली सोडून गेले. ती गेली म्हणजे तिनेच घेतली, असं त्याने तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. आता ते आठवून त्याला स्वतःची किळस आली.

"कोण आहेत या?" सुचित्राने विचारलं.

उत्तर द्यायची वेळच आली नाही. गोजरा पाहुणीसाठी चहा घेऊन दारात उभी होती आणि पडद्यावर थांबलेल्या स्वतःकडे बघत होती. तिने कप नीट टेबलावर ठेवले.

"मीच हाय ती," ती म्हणाली.

"मी पेटी उपसत होतो तेव्हा तू इथंच उभी होतीस, आई."

"व्हते."

"मग बोलली का नाहीस?"

"तो स्टेजवरचा बोल्ला व्हता, दिलेला कोनाला सांगायचा नाय. सांगितला का गुन जाता." तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "तुजे बाबा त्या दिवशी उबे राहिले व्हते रे."

"दोघांनी काखेत धरलं होतं त्यांना."

"मना दिसत व्हता."

आत तिचा नवरा गोटीराम खोकला, मग शांत झाला. तिघांचाही चहा तसाच राहिला.

सुचित्रा हळूच म्हणाली, "मावशी, काळजी करू नका. तुमचा चेहरा आम्ही पुसट करू. कुणाला ओळखू येणार नाही."

"कवा दाखवनार ह्यो?"

"दिवाळीनंतर. टीव्हीवर."

"रबाल्याला दिसल? विजयमाला तिकरं गेलीय म्हनतान."

"दिसेल."

गोजराने पदराने हात पुसले. तिचा डावा हात पाटलीशिवाय अजून उघडाच होता.

"मंग तोंड झाकू नको माजा," ती म्हणाली. "नाव बी सांग. तिची पेटी चार लोकांत उघरली, तर ह्यो बी चार लोकांतच पायजे."

"पण आई, सांगितलं की गुण जातो म्हणतेस..."

गोजराने फळीवरची तेलाची वाटी घेतली. मग ती आत नवऱ्याचे पाय चोळायला गेली.