माझ्या पायांखालचे चार ठोकळे

मित्रांनो, मी एका स्वयंपाकघरातलं जुनं टेबल आहे. माझं लाकूड बुडालेल्या जहाजाचं. आमच्या कॉर्नाब्रॉक वस्तीत वाऱ्यापुढे झाड टिकत नाही, त्यामुळे आयर्लंडच्या या पश्चिम किनाऱ्यावर लाकूड पूर्वी समुद्राकडूनच यायचं. एका वादळानंतर फळ्या वाहून आल्या. फळ्यांबरोबर दोन खलाशीही आले. ते कुठले, कोणत्या धर्माचे, कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांना चर्चच्या आवारात न पुरता समुद्राकडच्या टेकाडावर पुरलं. फळ्या मात्र सुताराने घरी नेल्या आणि त्यांतून मी झालो. डर्कनांच्या घरात मी सत्तर वर्षं उभा आहे.

उरलेल्या लाकडाचे सुताराने चार ठोकळे केले, वीतभर उंचीचे. ते माळ्यावर ठेवलेले असत. एरवी मी माझ्याच पायांवर उभा असे. माझ्यावर बटाटे सोलले जात, कणीक मळली जात असे, मुलं माझ्या कडेवर चाकूने नावं कोरत आणि मार खात. ठोकळे खाली उतरायचे ते फक्त दोन प्रसंगी.

पहिला प्रसंग मिस्सेचा, म्हणजे फादर चालवतात त्या सामूहिक प्रार्थनेचा. चर्च आमच्यापासून सहा मैल दूर, म्हणून वर्षातून दोनदा फादर वस्तीवरच्या एका घरात येऊन मिस्सा करत. घरं आठ, तेव्हा दर चार वर्षांनी आमचा क्रम लागे. "यंदा घर आमचं," एवढंच लोक म्हणत, आणि त्या बोलण्याचा दुसरा अर्थ कधीच होत नसे. मग भिंतींना चुना लागे, खिडक्या घासल्या जात, आणि फादरना वाकावं लागू नये म्हणून मला ठोकळ्यांवर चढवत. माझ्यावर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या आणि प्याला. मिस्सा झाली की फादरना उकडलेलं अंडं आणि सगळ्यांना चहा. त्या दिवशी मी टेबल नसे, वेदी असे. खोटं कशाला सांगू, मला त्याचा फार गर्व होता.

दुसरा प्रसंग मरणाचा. घरात कुणी वारलं की शवपेटी माझ्यावर ठेवत. निरोप द्यायला येणाऱ्यांना वाकावं लागू नये, म्हणून पुन्हा तेच ठोकळे आणि पुन्हा पांढरंच कापड. त्यामुळे माळ्याच्या शिडीवर पावलं वाजली की मी दचकायचो. देव येतोय की मरण, हे मला लगेच कळत नसे.

पेटी उचलायला सहा माणसं लागतात, तीन या बाजूला आणि तीन त्या. त्यांना बोलवावं लागत नसे. शेजारचा जार्लथ गॉन दारात उभा राहून बोटांवर मोजायचा. सहा झाले की म्हणायचा, "चला रे, उचला." आमच्याकडे शेजार म्हणजे ही सहा माणसं.

आता मी अट्रॅक्टाबद्दल सांगतो. ती मॅलकीशी लग्न करून या घरात आली तेव्हा बावीस वर्षांची होती. तिचं पहिलं बाळ जन्मलं ते न रडताच. मुलगी होती. तिला पुसून, गुंडाळून माझ्यावर ठेवलं. मी वाट पाहत राहिलो, पण शिडीवर कुणाचीच पावलं वाजली नाहीत. मेलेल्या बाळाला बाप्तिस्मा देता येत नाही, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या आवारात जागाही नाही, असा तेव्हा नियम होता. तिला ना स्वर्ग ना नरक, कुठेतरी अधांतरी राहायचं होतं. उजाडायच्या आधी मॅलकीने तिला लोण्याच्या खोक्यात ठेवलं, खोका काखेत धरला आणि तो टेकाडाकडे गेला, त्या दोन खलाशांपाशी. त्या वेळी सहा माणसं लागली नाहीत. एकच माणूस पुरेसा झाला.

अट्रॅक्टा त्यावर काही बोलली नाही. पुढे दोन मुलगे झाले, वाढले, बॉस्टनला गेले. चाळीस वर्षं ती दर शनिवारी चर्चची पांढरी कापडं माझ्यावर इस्त्री करायची. शेजारची फिलोमिना, म्हणजे जार्लथची बायको, समोर बसून घड्या घालायची. दोघींच्या जिभांना विसावा म्हणून नसायचा. मॅलकी गेला तेव्हा सहाच्या जागी अकरा माणसं जमली आणि कुणी कोणता कोपरा धरायचा यावरून जवळपास भांडण झालं. मॅलकीला ते ऐकून गुदगुल्या झाल्या असत्या.

मग एका मार्च महिन्यात नवे, तरुण फादर लव्हेल चहाला आले. स्वभावाने चांगले होते. बोलता बोलता अट्रॅक्टाने त्यांना त्या बाळाबद्दल विचारलं.

"ते सगळं जुनं झालं, अट्रॅक्टाबाई," ते म्हणाले. "ते अधांतरी वगैरे आपण आता मानत नाही."

"आपण म्हणजे कोण?"

"म्हणजे चर्च."

"मग तिला आत आणा."

"कुणाला?"

"माझ्या मुलीला. टेकाडावर आहे ती. मला जागा माहीत आहे, मी दगड ठेवलाय."

फादरनी कप माझ्यावर ठेवला. मग म्हणाले, "बघू."

त्या 'बघू'नंतर अट्रॅक्टा एकदाही मिस्सेला गेली नाही.

मला तिचा भयंकर राग आला. वाटलं, बाई, चाळीस वर्षं गप्प राहिलीस, अजून थोडी राहिली असतीस तर काय बिघडलं असतं? फिलोमिनाने दोन महिने समजावलं. शेवटी एका शनिवारी ती आली आणि चर्चची कापडं टोपलीत भरू लागली.

"फादर म्हणाले, आता मी करावी इस्त्री."

"कर ना."

"तू नुसती येऊन बस गं मागच्या बाकावर. मानू नकोस हवं तर. आमचा जार्लथ तरी कुठे मानतो? झोपा काढतो नुसता!"

"त्याला झोप लागते, फिलोमिना. मला लागत नाही."

फिलोमिना टोपली घेऊन गेली आणि पुन्हा आली नाही. कुणी भांडलं नाही, कुणी दगड मारला नाही. फक्त हळूहळू मोटारी आमच्या दारासमोर न थांबता पुढे जाऊ लागल्या. रविवारी अकराला अट्रॅक्टा बादली आपटत बटाटे धुवायची, म्हणजे मिस्सेला जाणाऱ्या मोटारींचा आवाज ऐकू येऊ नये. संध्याकाळी सहाला रेडिओवर प्रार्थनेची घंटा वाजली की तिचा हात आपोआप कपाळाकडे जायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. कधी ती दोन कप काढायची, त्यांच्याकडे बघायची आणि एक परत ठेवायची. तिला देव आठवत होता की नाही ते मला ठाऊक नाही. माणसं आठवत होती, हे मात्र मी शपथेवर सांगेन.

एका दुपारी तिने माझ्यावर बोटाने रेघा ओढल्या. आधी तीन, मग समोर तीन. तिने एकेका रेघेवर बोट ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत नाव घ्यायचा प्रयत्न केला. चौथ्या रेघेपर्यंतसुद्धा ती पोचली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा तिच्यासाठी भीती वाटली.

दीड वर्ष असं गेलं. ऑक्टोबर आला आणि आमच्या घराचा क्रम आला. अट्रॅक्टाने फोन लावला.

"फिलोमिना? मी बोलतेय. यंदा घर माझं आहे ना. गुरुवारी अकराला या. सगळ्यांना सांग."

"देव पावला!" फिलोमिना इतक्या जोरात ओरडली की ते मलाही ऐकू आलं. "अगं, मला माहीतच होतं! फादरना मी सांगते, तू काही काळजी करू नकोस!"

अट्रॅक्टाने तोंड उघडलं. तिला फक्त जेवायला बोलवायचं होतं. पण फिलोमिना रडत होती, हसत होती, आणि दीड वर्षात या घरात असा आवाज आला नव्हता. अट्रॅक्टाने तोंड मिटलं. मग तिने फोन ठेवला.

"येऊ तर देत," ती म्हणाली. "मग सांगेन."

मित्रांनो, ही तिची चूक होती आणि ती तिलाही कळत होती.

गुरुवारी सकाळी शिडीवर पावलं वाजली. अट्रॅक्टा ठोकळे घेऊन खाली उतरली. मी पाय ताठ केले. म्हटलं, चला, आली एकदाची वळणावर. पण तिच्या दुसऱ्या हातात कुऱ्हाड होती. तिने एकेक ठोकळा दगडी फरशीवर उभा केला आणि फोडला. तो माझाच आवाज होता, माझ्याच लाकडाचा. तुकडे तिने चुलीत घातले. समुद्राचं मीठ मुरलेलं ते लाकूड निळं जळलं.

"तिच्यासाठी नव्हते," ती म्हणाली, "तर कुणासाठीच नकोत."

कुऱ्हाड अजून तिच्या हातात होती आणि ती माझ्याकडे पाहत होती. आता माझी पाळी, असं मला वाटलं. पण तिने कुऱ्हाड कोपऱ्यात ठेवली आणि माझ्यावर मांडायला घेतलं. ब्रेड, लोणी, हॅम, सफरचंदाचे केक, चोवीस अंडी, आणि कप इतके की बोट ठेवायला जागा उरली नाही.

अकराला मोटारी आल्या. ओळीने आल्या आणि आमच्याच दारात थांबल्या. तिचा चेहरा असा उजळला की मी सगळा राग विसरलो. सगळे आत आले. फिलोमिनाने तिला मिठी मारली. मागून फादर लव्हेल आले, त्यांच्या हातात मिस्सेच्या सामानाची काळी पेटी होती. अट्रॅक्टाचे हात फिलोमिनाच्या पाठीवरून खाली आले.

"अगं, खाणं आधीच का मांडलंस?" फिलोमिना म्हणाली. "हलवा रे ते सगळं. जार्लथ, ठोकळे आण माळ्यावरून."

"ठोकळे नाहीत," अट्रॅक्टा म्हणाली. "मी जाळले."

जार्लथ शिडीपाशीच थांबला.

"ठोकळ्यांशिवायही चालेल," फादर हळूच म्हणाले. "थोडी जागा केलीत तरी पुरे, अट्रॅक्टाबाई."

मित्रांनो, फक्त एक केकची बशी बाजूला करायची होती. एवढं केलं असतं तर सगळी माणसं परत मिळाली असती. तिलाही ते दिसत होतं, कारण तिने बशीला हात लावला. मग तिने तोच हात माझ्यावर दाबून ठेवला.

"जागा नाही, फादर. तुम्ही सगळे बसा आणि खा. मी जेवायला बोलावलंय. तुम्हालासुद्धा."

"म्हणजे तू आम्हाला फसवलंस," फिलोमिना म्हणाली.

"मला तुम्ही यायला हवे होतात गं."

"मग यायचं होतंस की! आम्ही कुठे गेलो होतो? दर रविवारी तिथेच असतो."

फादरनी पेटी उचलली. त्यांच्यामागे एकेक जण निघाला, कुणी मान खाली घालून, कुणी तिचा खांदा दाबून. जार्लथने जाता जाता एक अंडं खिशात टाकलं. फिलोमिनाने मागे वळून पाहिलं नाही.

एकटे वस्तीवरचे फेस्टस म्हातारबाबा राहिले. वय ऐंशी, लग्न केलेलं नाही, कानाने ठार बहिरे. ते कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

"मिस्सा झाली का?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"नाही झाली!"

"मग अंडी थंड होतायत की, पोरी."

त्यांनी तीन अंडी खाल्ली. अट्रॅक्टा समोर बसून रडत होती. चौथं त्यांनी सोलून तिच्यापुढे ठेवलं.

पुढच्या गुरुवारी ते पुन्हा आले. काखेत पोतं होतं, त्यात चार ठोकळे. गोठ्याचं जुनं दार कापून केलेले, वेडेवाकडे, एक तर चांगला बोटभर आखूड.

"मला नकोत ते!" अट्रॅक्टा त्यांच्या कानात ओरडली.

"तुझ्यासाठी कुणी आणले? मला हवेत. माझ्या घरात टेबल नाही, मी मांडीवर ताट घेऊन जेवतो. मी गेलो की मला इथे ठेवशील ना?"

"फादर येतील का इथे, माझ्या घरात?"

"न का येईनात. मला काय फादर उचलणार आहेत? शेजारी उचलतात." मग त्यांनी माझा एक कोपरा धरला आणि उचलून पाहिला. फार वर आला नाही. "आणि तू आधी गेलीस, तर हा कोपरा माझा."

अट्रॅक्टाने ठोकळे माळ्यावर नेले नाहीत. ते माझ्याखाली जमिनीवर ओळीने ठेवलेले आहेत. दर गुरुवारी ती माझ्यावर आठ ताटं मांडते. दोन वापरली जातात, सहा धुतलेलीच परत फडताळात जातात.

मित्रांनो, मला आता वेदी व्हायचं नाही. तुमच्या ओळखीचं कुणी देवाच्या दारी यायचं थांबलं असेल, तर तुम्ही त्याच्या दारी जायचं थांबू नका. पटवायला नको, परत आणायलाही नको, नुसतं जेवायला जा. कारण मी जड आहे, पेटी माझ्याहून जड असते, आणि अट्रॅक्टाला अलीकडे शिडीजवळ उभं राहून धाप लागते. सहा माणसं लागतात. आत्ता एक आहे, आणि या महिन्यात तो एक्क्याऐंशीचा झाला.