परस्थानाला ठेवलेला तांब्या

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखे भांडे पाहिले नसेल. मी पितळेचा फिरकीचा तांब्या आहे. माझे तोंड अरुंद, त्यावर आट्यांचे झाकण आणि झाकणाला धरायला कडी. झाकण फिरवून घट्ट बसवले की मला आडवे केले तरी थेंब सांडत नाही. प्लास्टिकच्या बाटल्या येण्याआधी प्रवासाला निघालेली माणसे माझ्यासारख्या तांब्यातून पाणी न्यायची. आता मी जुना झालो. पोटाला दोन पोचे आले आहेत. एक जोतिबाच्या पायऱ्यांवर पडलो तेव्हाचा. दुसरा कधीचा, ते मला आठवत नाही.

कोल्हापुरात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. शालूबाईच्या वडिलांनी मला विकत घेऊन तिच्या लग्नात दिले. तिच्याबरोबर मी बिद्रीजवळच्या एका गावात आलो. तिचे मालक पिराजी साखर कारखान्यात कामाला होते. घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतात, म्हणून मीही आण्णाच म्हणतो.

चाळीस वर्षे मी शालूबाईबरोबर फिरलो. पण आमच्या प्रवासाला कारणे तीनच असायची. देव, लग्न आणि दवाखाना. एसटीत बसले की ती मला मांडीवर घ्यायची. पुढच्या बाकावरून कोणी विचारायचे, "पाणी हाय का, अक्का?" ती लगेच झाकण फिरवून द्यायची. पिणारा म्हणायचा, "माठातल्यागत गार हाय की!" तेव्हा मला फार बरे वाटायचे. वर्षातून एकदा मला आतून कल्हई व्हायची आणि दर सणाला चिंचेने घासणे व्हायचे.

मग बाटल्या आल्या. मी माळ्यावर गेलो. तिथे पाचसहा वर्षे जुन्या पाट्याशेजारी पडून होतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जे हलके असते ते माणसे उचलतात.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी शालूबाईने मला खाली काढले. त्याचे असे झाले. तिची नात शिवांजली तेव्हा आठ वर्षांची होती. तिने आजीला मोबाईलवर एक मोठे पार्क दाखवले. मुंबईच्या वाटेवर घाट उतरला की ते लागते. तिथे उंच उंच पाळणे, पाण्यातून धावणाऱ्या होड्या, आणि मुक्कामाला आतच हॉटेल.

शालूबाईने विचारले, "तिथं देव कुठला हाय?"

"देव न्हाय आज्जी."

"मग कुणाचं लगीन हाय?"

"कुणाचंच न्हाय. नुसतं खेळायचं."

शालूबाईने मोबाईल जवळ ओढून पुन्हा बघितला. मग म्हणाली, "नुसतं खेळायचं? मग जायाचंच."

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. मुलगा कृष्णात याने खोल्या ठरवल्या. सून वर्षाराणी वहीत काय काय न्यायचे ते लिहायची आणि रोज त्यात भर घालायची. सगळ्यात मोठ्या पाळण्यात ठरलेल्या उंचीच्या खालच्या मुलांना बसू देत नाहीत, असे कळले. तेव्हापासून शिवांजली रोज सकाळी दाराच्या चौकटीवर केलेल्या तेवढ्या उंचीच्या खुणेला पाठ लावून उभी राहायची. दोन बोटे कमी पडायची. शालूबाईने पाच किलो चिवडा केला. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही, असे वर्षाराणीने सांगितले, तर ती म्हणाली, "आत न्हाय तर गेटापतोर खाऊया की." आणि तिने वर लाडूही केले.

फक्त आण्णा तयार नव्हते. "म्हातारपणी पाळण्यात बसून लोकास्नी हसवायचं व्हय? तुमी जावा. मी म्हशी बघतो."

शालूबाई त्यांच्याशी भांडली नाही. तिच्यापुढे दुसरी अडचण होती. खोल्या बुधवारच्या मिळाल्या होत्या आणि मुंबई उत्तरेला. मंगळवारी-बुधवारी उत्तरेकडे निघू नये, असे आमच्याकडची जुनी माणसे मानतात. त्यावर उपायही जुनाच आहे. निघणाऱ्याची एखादी वस्तू चांगल्या दिवशी त्याच दिशेच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असे धरतात. मग खऱ्या दिवशी जाता जाता ती वस्तू उचलायची. याला परस्थान ठेवणे म्हणतात.

सोमवारी शालूबाईने मला पुसले. आत मूठभर तांदूळ आणि सुपारी टाकली. मग प्रत्येकाचे काही ना काही घातले. कृष्णातचा रुमाल, वर्षाराणीचे टिकल्यांचे पाकीट, शिवांजलीची रिबन, स्वतःच्या लुगड्याची चिंधी. आण्णांकडे काही मागितले असते तर ते मिळाले नसते. म्हणून तिने दोरीवर वाळत घातलेल्या त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचे वरचे बटण कात्रीने काढले, हसली, आणि माझ्यात टाकले.

आमच्या घरापासून उत्तरेला दोन घरे सोडून चन्नम्माचे घर आहे. ती निपाणीकडची. तिच्या मालकांचे, ईरप्पांचे, किराणा दुकान आहे. शालूबाई आणि ती सख्ख्या बहिणींसारख्या. शालूबाईने मला तिच्या हातात दिले.

"चन्नक्का, ह्यो परवापतोर ठेव. जाता जाता गाडीतनं घेतो."

"दाजी येणार व्हय?"

"त्यास्नी कुठं ठावं हाय! पर त्यांच्या सदऱ्याचं बटणबी ठेवलंय. ठेवलं म्हंजे निघालं माणूस."

चन्नम्माने मला जाळीच्या कपाटात ठेवले. मित्रांनो, दुसऱ्या दिवशी दुपारी शालूबाई गच्चीवर वाळवण गोळा करत होती. तिथेच ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले. बुधवारी कोणी कुठे गेले नाही.

दुःखात माझी आठवण कोणाला राहणार? चन्नम्माला मात्र होती. पण ठेवलेले परस्थान प्रवासाशिवाय पुन्हा घरात न्यायचे नाही, अशी तिची समजूत. नेले तर शालूबाईचे निघणे मोडेल, असे तिला वाटे. म्हणून ती कोणाला काही बोलली नाही. दर सोमवारी कपाट उघडून मला वरून पुसायची. माझ्यातल्या तांदळात सोंडे झाले, तरी तिने झाकण उघडले नाही.

वर्ष झाले. शालूबाईचे वर्षश्राद्ध झाले. पुन्हा दिवाळीची सुट्टी जवळ आली. पुढची हकीकत मला शिवांजलीमुळे कळायची. ती रोज चन्नम्माकडे यायची आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हते.

कृष्णात म्हणाला होता, "आण्णा, औंदा जाऊन येऊया. आईच्या मनात व्हतं."

आण्णा म्हणाले, "तुमी जावा."

"तुमाला सोडून न्हाय जायाचं."

"मग ऱ्हावा घरात."

हॉटेलवाल्याने रविवारच्या संध्याकाळपर्यंत खोल्या धरून ठेवल्या होत्या. त्याच दिवसांत आण्णांना माझी आठवण झाली. शालूबाईच्या हातातले काहीतरी जवळ असावे असे त्यांना वाटले असेल. त्यांनी माळा पालथा घातला, गोठा बघितला. मी कुठेच नव्हतो. तेव्हा ते वर्षाराणीला म्हणाले, "माझ्या बायकोचा तांब्या मोडीत घातलास न्हवं?"

रविवारी सकाळी वर्षाराणी चन्नम्माच्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "मावशी, मी कशाला घालीन ओ मोडीत? आत्तींचं भांडं हाय ते." सासूला, म्हणजे शालूबाईला, ती आत्ती म्हणायची. तिच्यामागे शिवांजली उभी होती. ती म्हणाली, "आता मी खुणेच्या वर गेलीया. पर आमी जाणारच न्हाय."

चन्नम्माने दोघींना घरी पाठवले आणि आण्णांना निरोप धाडला.

आण्णा आले. चन्नम्माने कपाट उघडले. मला बघून ते उभेच राहिले.

"ह्यो हितं कसा?"

"वरीस झालं हितंच हाय. शालूनं ठेवलाय. परस्थान."

"आनि आज सांगतीस? मी त्या पोरीला काय काय बोललो! आण हिकडं."

"देत न्हाय."

"माझ्या बायकोचं भांडं मला देत न्हाईस?"

"देतो की दाजी. गाडीत बसून या. दारात गाडी थांबवा, हातात देतो. घरात न्यायला मागशीला तर ईरप्पाला इचारा, ह्या कपाटाची किल्ली त्यालाबी देत न्हाय मी."

"अक्का, ती गेली. आता कसलं परस्थान आनि कसलं काय?"

"ती निघाली आनि मधीच उतरली. बाकीचं चौघं अजून बसूनच हायसा. ह्यात चौघांचंबी हाय. तुमचंबी."

"माझं काय हाय ह्यात? मी येणारच नव्हतो."

"तुमच्या सदऱ्याचं बटण."

आण्णा कट्ट्यावर बसले. मग खाली बघत बोलू लागले. मी त्यांना एवढे बोलताना कधी ऐकले नव्हते.

"त्या मंगळवारी सकाळी मी त्यो सदरा घातला. बटण न्हाय. मी तिला बोललो, एक कापड धड न्हाय ह्या घरात, दिवसभर करतीस काय? ती नुसती हसली. म्हणली, उद्या गाडीत लावून देतो. मला वाटलं, चेष्टा करतीया. तसाच कारखान्याकडं गेलो. परत आलो तर…"

चन्नम्माने त्यांना पाणी दिले. त्यांनी ते प्यायले नाही, हातात धरून बसले.

"वरीसभर मला तेवढंच ऐकू येतंय अक्का. माझंच बोलणं."

"मग ती हसली ते ऐका की," चन्नम्मा म्हणाली. "मला सांगताना बी हसतच व्हती. रागावली असती तर बटण कशाला ठेवलं असतं? तिला तुमाला न्यायचं व्हतं."

आण्णा उठले. दारात थांबून म्हणाले, "म्हशी?"

"ईरप्पा बघतोय. त्याला धार काढाय येतीया. लाथा खाईल दोन, पर काढंल."

घरी जाऊन त्यांनी आधी वर्षाराणीला सांगितले, "पोरी, चुकलं माझं." मग कृष्णातला म्हणाले, "त्या हॉटेलवाल्याला फोन लाव." हे मला शिवांजलीने धावत येऊन सांगितले. म्हणजे सांगितले चन्नम्माला, पण ऐकले मी.

निघायच्या दिवशी गाडी चन्नम्माच्या दारात थांबली. आण्णा उतरले. चन्नम्माने मला दोन्ही हातांनी पुढे केले, त्यांनी कपाळाला लावले आणि मागे न बघता गाडीत बसले. कृष्णात म्हणाला, "द्या, मागं डिकीत ठेवतो." आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." पूर्ण वाटभर मी त्यांच्या मांडीवर होतो.

कोल्हापूर मागे पडल्यावर त्यांनी नातीला विचारले, "त्यो पाळणा किती उंच हाय ग?"

"आपल्या कारखान्याच्या चिमणीएवढा!"

आण्णांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले.

पार्कमध्ये मला नेऊ दिले नाही. मी हॉटेलच्या खोलीत खिडकीत बसून होतो. संध्याकाळी सगळे परत आले. शिवांजली दारातूनच ओरडत आली आणि ज्याला त्याला सांगू लागली, अगदी चादरी बदलायला आलेल्या माणसालासुद्धा. "पाळणा वर गेला आनि धाडकन खाली आला, तवा सगळी माणसं आई गं, आई गं म्हणत व्हती. आण्णा मोठ्यांदा काय म्हणले म्हाईत हाय? शालूऽऽ!"

वर्षाराणीने तोंडाला पदर लावला. कृष्णात बाहेर बघू लागला. मित्रांनो, चाळीस वर्षे मी त्या दोघांबरोबर होतो. आण्णांनी तिला कायम "अगं ऐकलंस का" एवढीच हाक मारली. तिचे नाव त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकले नव्हते.

आण्णा खुर्चीत बसून बूट काढत होते. ते म्हणाले, "उद्या सकाळी परत बसायचं का?"

मी एक भांडे आहे, मला फार कळत नाही. पण पितळ बंद करून ठेवले की आतून हिरवे पडते, हे मला माहीत आहे. तुमच्या घरात कोणी "तुम्ही जा, मी घर बघतो" म्हणत मागे राहत असेल, तर त्याला एकदा विचारून सोडून देऊ नका. त्याच्या सदऱ्याचे एखादे बटण हळूच काढून घ्या आणि गाडी त्याच्या दारात नेऊन उभी करा.