पाणी न लागलेली चाळणी

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकलेली, गंजाने तांबूस झालेली ही जुनी चाळणी म्हणजे मी. माझी गोष्ट गोड पदार्थाची आहे, पण ती गोड नाही. ऐकायची असेल तर शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिराने बारीक तारांची जाळी ताणून बसवली आणि पत्र्याची कड तिच्यावर दुमडली. दुमडीत एका जागी केसाएवढी फट राहिली. ती त्याला दिसलीही. "चालून जाईल, कोण बघणार आहे?" असं म्हणून त्याने मला ढिगात टाकलं. त्याचं खरं ठरलं, पुढे बारा वर्षं त्या फटीकडे कुणीच बघितलं नाही.

दुकानातून मला जिने घरी आणलं तिला मी मावशी म्हणते, कारण तिची भाची तिला तशी हाक मारायची. मावशी एकटी राहायची आणि तिला एकच वेड होतं, घरच्या घरी फ्रेंच मॅकरॉन, म्हणजे बदामाची नाजूक बिस्किटं करायचं. बदामाचं पीठ, पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा भाग. सामान एवढंसं, पण नखरे राजकन्येचे! पीठ जरा जाड राहिलं की वरचं कवच खडबडीत होतं आणि जरा ओल लागली की तडकतं. पहिल्या वर्षी ट्रेच्या ट्रे कचऱ्यात गेले. एकदा तिने मला धुऊन ओलंच वापरलं. दुमडीत साचलेलं पाणी पिठात उतरलं आणि सगळे मॅकरॉन मधोमध फुटले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मावशीने त्या दिवसापासून मला पाणी दाखवणंच बंद केलं. काम झालं की ओट्याच्या कडेवर मला तीनदा आपटायची, टक टक टक, कोरड्या ब्रशने झाडायची, की झाली मी स्वच्छ.

खरं सांगते, मला त्याचा गर्व होता. बाकीची भांडी रोज घासून घ्यायची आणि मी मात्र तोऱ्यात खिळ्यावर. मॅकरॉन जमायला लागले, त्यांच्याखाली झालरीसारखी नाजूक कड उठायला लागली, तशी शेजारीपाजारी मावशीचं नाव झालं. कुणी विचारलं की ती माझ्याकडे बोट दाखवायची. "सगळी हिची कमाल. वर्षानुवर्षं हिला पाण्याचा थेंब लागलेला नाही!" मी फुगून जायची.

मावशीची धाकटी बहीण चार गल्ल्या पलीकडे राहायची, तिच्याकडे त्यांचे म्हातारे वडीलही असत. बहिणीची मुलगी सात वर्षांची. गोडाचा वास आला की धावत येते म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. पण या मुंगीला बदाम म्हणजे विष होतं. लहानपणी एक तुकडा पोटात गेला तर तिचा गळा सुजून श्वास अडकला होता. म्हणून ती आली की मावशी फळं कापायची, भट्टी पेटवायचीच नाही. एक दिवस मुंगी म्हणाली, "मावशी, सगळे तुझ्या हातचं खातात. मीच कधी काही खाल्लं नाही. माझ्या वाढदिवसाला तू केक कर ना!"

मावशीला भरून आलं. ती म्हणाली, "करते गं राणी, बिनबदामाचा."

वाढदिवसाच्या सकाळी तिने बदामाचा डबा शेजारणीकडे नेऊन ठेवला. ओटा दोनदा पुसला. पातेली, साचे, चमचे, अगदी स्वतःचा ॲप्रनही धुतला. बहिणीने येताच विचारलं, "ताई, सगळं धुतलंस ना?"

"सगळं. वाटलं तर नखं बघ माझी!"

ती खोटं बोलत नव्हती, मित्रांनो. धुवायच्या भांड्यांत मी तिला दिसतच नव्हते. तिने मला खिळ्यावरून काढलं, सवयीने टक टक टक केलं आणि माझ्यात मैदा ओतला. माझ्या दुमडीत बारा वर्षांची बदामाची पूड बसली होती. ओरडावंसं वाटलं, पण चाळणीला तोंड कुठलं? भोकं तेवढी असंख्य.

मुंगी मावशीचा ॲप्रन घालून मिरवत होती. बहिणीबरोबर आलेल्या आजोबांनी खिशातून एक गोड गोळी काढून तिच्या हातात ठेवली. मग केक कापला. मुंगीने दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाली, "मावशी, मऊ झालाय." थोड्याच वेळात ती गळा खाजवायला लागली, खोकली, ओठ सुजले. बहिणीने अशा वेळेसाठी पर्समध्ये ठेवलेली औषधाची सुई तिला टोचली आणि तिला उचलून खाली पळाली. ॲप्रन मावशीने वाटेत कसाबसा सोडवला. दवाखाना जवळ होता, पण मुंगीचा श्वास तिथपर्यंत पुरला नाही.

काय खाल्लं होतं, डॉक्टरांनी विचारलं. केकमध्ये बदाम नव्हता, हे सगळ्यांनाच ठाऊक. आजोबांच्या खिशात तशाच आणखी गोळ्या निघाल्या. वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आत बदामाचा अंश असू शकतो. म्हाताऱ्या डोळ्यांना ते वाचताच आलं नव्हतं. "मीच दिली," एवढंच ते म्हणाले आणि त्यानंतर त्यांचं बोलणं थांबलं. बहीण त्यांच्यासमोर ताट ठेवायची, पण त्यांच्याकडे बघायची नाही. मावशी त्यांच्याकडे जाऊन आली की रिकाम्या स्वयंपाकघरात एकटीच म्हणायची, "बाबा, असं कसं हो केलंत?" मी खिळ्यावरून ऐकत राहायची.

दीड महिन्याने मावशीने खुंटीवरचा ॲप्रन काढला. खिशात काहीतरी टोचलं. तिने हात घातला, तर गोळी. वेष्टनसुद्धा न सोडलेली. मुंगीने ती नंतरसाठी जपून ठेवली होती.

 मावशी त्या दिवशी वापरलेली एकेक वस्तू बघायला लागली. पातेलं. साचा. चमचा. आणि मग तिची नजर माझ्यावर आली. तिने काळा ट्रे घेतला, मला त्याच्यावर उपडं धरलं आणि सारी ताकद लावून आपटलं. दुमडीतून पिवळसर पूड भुरभुर पडली. तिने बोटाला लावून हुंगली. बारा वर्षं जो वास तिला आवडत आला होता, तोच होता तो.

आधी तिने ती गोळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. झाकण लावलं. बराच वेळ डब्याजवळ उभी राहिली. कुणाला कधी कळलं नसतं, मित्रांनो. पण पलीकडच्या घरात एक म्हातारा न केलेल्या चुकीने झिजत होता. तिने झाकण काढलं, गोळी पुसली आणि मला पिशवीत घालून निघाली.

बहिणीच्या टेबलावर तिने आम्हा दोघींना ठेवलं. "बाबांनी नाही. मी," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं.

बहिणीने मला उचलून माझ्या दुमडीवरून बोट फिरवलं. "सगळं धुतलंस म्हणाली होतीस ना गं, ताई?"

"धुतलं होतं गं. हिला सोडून."

बहिणीने गोळी उचलली, आतल्या खोलीत नेऊन वडिलांच्या तळहातावर ठेवली. "बाबा, तुम्ही नाही. हे बघा, तिने खाल्लीच नव्हती." म्हातारा त्या गोळीवर मूठ आवळून लहान मुलासारखा रडला. मग बहिणीने मला नळाखाली धरलं. घासघास घासलं, तिची बोटं सोलवटली तरी घासत राहिली. मला ओलंच मावशीच्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. ते दार मावशीसाठी अजून उघडलेलं नाही.

तेव्हापासून मी अशी गंजत पडले आहे. मावशी मॅकरॉन करत नाही, मला फेकतही नाही. रोज सकाळी मात्र मला खाली काढते, धुते, पुसते आणि परत खिळ्याला लावते.

मित्रांनो, घरातल्या कुणाला एखादा पदार्थ चालत नसेल तर भांडी धुताना आमच्यासारख्या लाडक्यांना वगळू नका. जिच्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास आहे, ती वस्तू सगळ्यात आधी धुवा. मला आता रोज पाणी लागतं. ते एकच दिवस, त्या सकाळी लागायला हवं होतं.